ओल्या थंडीतले हातमोजे

हातमोजे ही वस्तू आम्हां पुणेकरांच्या संसारात फारशी शिरलेली नाही. पौषातल्या पहाटे पर्वती चढणारे गृहस्थ कानटोपी घालतात, गळ्याभोवती मफलर गुंडाळतात. परंतु हातांची व्यवस्था म्हटली म्हणजे ते खिशात नाही तर काखेत घालावयाचे, एवढीच. अशा गावच्या माणसाने हातमोज्यांवर, त्यातही सायकलीवर बसताना घालावयाच्या हातमोज्यांवर, मासिकाची पाने खर्ची घालावी हे पाहून काही वाचकांस हसू येईल. दोन वर्षांपूर्वी आम्हांसही आले असते. परंतु ही वस्तू निवडताना आम्ही स्वतः चूक केली आणि तिचे प्रायश्चित्त आमच्या पुतणीच्या मनगटास घ्यावे लागले. तेव्हापासून आमचे हसणे थांबले आहे.

हकीकत अशी. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या नेदरलँड्समध्ये डेल्फ्ट येथे उच्च शिक्षणासाठी गेली. त्या देशात विद्यार्थी काय आणि अध्यापक काय, सारे सायकलीवर. २०१० पासून २०२४ पर्यंत पंतप्रधानपदी असलेले मार्क रुट्टे हेदेखील सायकलीवरून कचेरीस जाताना लोकांनी नेहमी पाहिले आहेत. तेव्हा मुलीने तेथे पोहोचताच एक जुनी सायकल विकत घेतली यात नवल नव्हते. तिच्या प्रस्थानापूर्वी घरात थंडीची चर्चा झाली आणि तिघांनी तिला हातमोज्यांचे तीन जोड दिले. आमच्या मातोश्रींनी, ज्यांचे वय सत्याऐंशी आहे, करड्या लोकरीचा जोड स्वतः विणून दिला. बंधूंनी गिर्यारोहणाचे सामान विकणाऱ्या एका दुकानातून पाणी आत न शिरणारा म्हणून एक महागडा जोड आणला. आणि आम्ही, घरातील वडील या नात्याने, आत लव असलेला जाड चामड्याचा जोड घेतला. तो हातात धरला की वजनदार लागे, आणि वजनावरून गुण ओळखण्याची आमच्या पिढीची खोड वाचकांस ठाऊक आहेच.

आमची पहिली चूक भूगोलाची होती. परदेशातील हिवाळा म्हणजे बर्फ, अशी आमची समजूत. वास्तविक डेल्फ्ट हा समुद्रकाठचा सपाट मुलूख. डिसेंबर ते फेब्रुवारी तेथे दिवसा पारा ५–६ अंशांच्या आसपास घुटमळतो. बर्फ क्वचित, पाऊस वारंवार, आणि त्याजबरोबर समुद्रावरून येणारा वारा. कोरडी कडक थंडी ही एक गोष्ट आणि ही ओली थंडी ही दुसरी. उणे ५ अंशांत पडणारे बर्फ बाहीवरून झटकता येते. अधिक ५ अंशांतला पाऊस झटकता येत नाही, तो आत मुरतो. हातमोज्यांच्या दृष्टीने पाहिले तर दोहोंत ओली थंडीच अधिक कपटी.

नोव्हेंबर अखेरची संध्याकाळ. त्या अक्षांशावर साडेचारपासूनच काळोख पडू लागतो. पाऊण तास पावसातून आल्यावर मुलगी कालव्यावरच्या एका कमानदार पुलावरून उतरत होती. समोर एक वृद्ध बाई रस्ता ओलांडू लागल्या. मुलीने ब्रेक दाबला. म्हणजे दाबला असे तिला वाटले. बोटे बधिर झाली होती, चामडे पाणी पिऊन फुगले होते, आणि हँडल व ब्रेकची दांडी यांच्या मध्ये त्या जाड बोटांचाच अडसर झाला. बाईंस वाचविण्यासाठी तिने सायकल वळविली ती पुलाच्या लोखंडी कठड्यावर जाऊन आदळली. डाव्या मनगटाचे हाड चिरले. महिनाभर तिने हे घरी कळविले नाही. व्हिडिओवर बोलताना डावा हात चौकटीबाहेर ठेवी. ही गोष्ट बंधूंच्या ध्यानात आली नाही, आमच्याही आली नाही. मातोश्रींच्या आली. "ती एका हातानेच केस मागे का सारते रे?" असे त्यांनी विचारले, तेव्हा सारे उघडकीस आले.

"काका, मोज्यांचा दोष नाही हो, मीच वेगात होते," असे ती म्हणाली. मुलीने आमचे मन राखले. परंतु ताशी २० किलोमीटर हा काही वेग नव्हे. त्या गतीने सायकल सेकंदाला साडेपाच मीटर जाते. बोटांस ब्रेक सापडावयास अर्धा सेकंद उशीर झाला की पावणेतीन मीटर अंतर हातचे गेले. पाऊस असेल तर जुन्या पद्धतीचा ब्रेक चाकाच्या ओल्या कडेवर पहिले काही फेरे नुसता घसरतो, ते निराळेच. म्हणून या हवेतला हातमोजा ही केवळ सुखाची वस्तू नव्हे. तो ब्रेकचाच एक भाग होय, आणि त्याच दृष्टीने तो निवडावयास हवा. हे कळावयास आम्हांस मुलीचे मनगट मोडावे लागले. त्यानंतर मात्र आम्ही या विषयाचा पाठपुरावा केला: पुस्तके चाळली, घाटांत व परदेशांत लांब पल्ल्याच्या फेऱ्या करणाऱ्या येथील तरुण सायकलस्वारांस गाठून प्रश्न विचारले, आणि घरी काही प्रयोगही केले. त्यांतून जे हाती लागले ते येथे सांगतो. परदेशी मुले असलेल्या घरांस त्याचा उपयोग होईल.

प्रथम हाताविषयी. शरीरास थंडी वाजू लागली की ते आपली उष्णता हृदय, फुप्फुसे आणि मेंदू यांच्यासाठी राखून ठेवते आणि कडेच्या अवयवांस जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळते. दुष्काळात राजधानीची कोठारे भरलेली ठेवून सरहद्दीवरच्या ठाण्यांची रसद तोडावी, तसा हा प्रकार. बोटे तर आकाराने बारीक, त्यांचा पृष्ठभाग मोठा आणि साठा लहान. ती प्रथम गार पडतात. कातडीची उष्णता १५ अंशांच्या खाली गेली की बोटांचे कौशल्य मंदावते, आणि ८ अंशांच्या सुमारास स्पर्शज्ञान जवळजवळ नाहीसे होते. सर टॉमस लुईस या वैद्याने १९३० साली असे दाखवून दिले की बर्फाच्या पाण्यात ठेवलेल्या बोटांतील रक्तवाहिन्या काही वेळाने आपोआप उघडतात, पुन्हा मिटतात, पुन्हा उघडतात. शरीराची ही केविलवाणी धडपड असते. परंतु सारे अंगच गारठले असेल तर ती फारशी चालत नाही. म्हणून सायकलस्वाराचे हात गार पडू लागले तर पहिला उपाय छातीवर आणि मानेवर करावा. अंगात पातळ सदरा व वर उघडे जाकीट घालून हातांत कितीही जाड मोजे चढविले तरी व्यर्थ.

दुसरी गोष्ट आम्हांस स्वतःला नवी होती. बोटे मिटण्याचे बळ देणारे मोठे स्नायू बोटांत नसतात. ते कोपराखाली, पुढच्या हातात असतात, आणि तेथून दोऱ्यांसारख्या शिरा मनगटातून बोटांपर्यंत जातात. कळसूत्री बाहुलीची बोटे हालतात, सूत्रे वर सूत्रधाराच्या हाती असतात. तो सूत्रधारच गारठला तर बाहुली काय करणार? पुढचा हात पावसाने भिजून गार पडला असेल तर बोटे उबदार असूनही मूठ घट्ट वळत नाही. सबब मनगटाशी संपणारे आखूड मोजे या कामी निरुपयोगी होत.

आता पाण्याविषयी. पाणी हे स्थिर हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. कोणताही मोजा उबदार असतो तो त्याच्या कापडामुळे नव्हे, कापडात अडकलेल्या हवेमुळे. त्या हवेच्या जागी पाणी आले की मोजा उबेचा रक्षक न राहता तिचा चोर बनतो. त्यात वारा मिळाला म्हणजे बाष्पीभवन सुरू होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जाते. तेवढ्या उष्णतेने ५८ ग्रॅम पाणी १० अंश तापले असते. सायकलस्वार तर स्वतःचा वारा स्वतःच उत्पन्न करतो. पारा ५ अंशांवर असताना ताशी २० किलोमीटरचा वारा उघड्या कातडीस १ अंशासारखा लागतो, असे वाऱ्याच्या थंडीचे २००१ साली सुधारलेले गणित सांगते. आणि हे गणित कोरड्या कातडीचे होय.

या गणिताचा उगम मोठा गमतीचा आहे. १९४०च्या सुमारास दक्षिण ध्रुवखंडावर पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोघां अमेरिकनांनी प्लास्टिकच्या एका नळकांड्यात पाणी भरून ते बाहेर वाऱ्यात टांगले आणि ते गोठावयास किती वेळ लागतो हे मोजले. हे वाचून आमच्या घरातही उत्साह संचारला. आम्ही जन्मभर संस्कृत शिकविले. पदार्थविज्ञान हा आमचा प्रांत नव्हे. परंतु शास्त्र शिकणारा पुतण्या घरात होता. रबरी पिशव्यांत कोमट पाणी भरून त्या निरनिराळ्या मोज्यांत घातल्या, मोजे बर्फाच्या पाण्यात बुडवून किंचित पिळले, आणि दिवाणखान्यात दोरीवर ओळीने टांगून समोर टेबलपंखा लावला. सुनबाईंचे म्हणणे एवढेच की दोरी सतरंजीवर नको होती. असो. सर्वांत आधी गार पडला सुती मोजा, हे अपेक्षितच होते. त्यामागून आमचे चामडे. लोकरीचा मोजा पंखा बंद असताना उत्तम टिकला, परंतु पंखा लावताच तोही भराभर उतरला. आजीच्या मोज्याची बाजू घेणारी सर्व मंडळी या निकालाने हिरमुसली. तेव्हा पुतण्याने मोरीतून भांडी घासावयाचा रबरी मोजा आणला आणि तो त्या ओल्या लोकरीवर चढविला. रात्री जेवणे आटोपून आम्ही पाहिले तर त्या एकाच पिशवीत ऊब शिल्लक होती.

ओल्या थंडीतल्या हातमोज्यांचे मर्म या दोरीवर आम्हांस सापडले. हात कोरडा राहणे अगत्याचे नाही. हाताभोवतीचे पाणी खेळते न राहणे आणि त्यावर वारा न लागणे अगत्याचे आहे. ही गोष्ट समुद्रात बुडी मारणाऱ्यांस फार पूर्वी समजली. ह्यू ब्रॅडनर या कॅलिफोर्नियातील पदार्थविज्ञानशास्त्रज्ञाने १९५०च्या सुमारास पाणबुड्यांच्या पोशाखाचा विचार करताना हेच ओळखले की पोशाखाच्या कापडातच हवेचे बुडबुडे कोंडलेले असतील तर माणूस भिजला तरी उबदार राहतो. निओप्रीन नावाच्या कृत्रिम रबराचा फेस करून त्याने असा पोशाख केला. त्याच निओप्रीनचे हातमोजे आज सायकलीच्या दुकानांत मिळतात. उत्तर अटलांटिकचे कोळी तर शास्त्रज्ञांचीही वाट न पाहता लोकरीचे आटविलेले जाड मोजे मुद्दाम समुद्राच्या पाण्यात बुडवून, पिळून, मग हातात घालीत. आटविलेल्या लोकरीची वीण इतकी घट्ट असते की आतले पाणी हालत नाही, आणि अंगाच्या उबेने तेच तापते.

"पाणी आत न शिरणारा" या शिक्क्याचे काय, असे कोणी विचारील. बंधूंचा जोड त्याच जातीचा होता. या कापडाचे मूळ म्हणजे १९६९ साली बॉब गोअर याने टेफ्लॉनची तापलेली कांडी हळूहळू ताणण्याऐवजी वैतागून एकदम हिसका देऊन ओढली, आणि ती तुटण्याऐवजी लांबच लांब ताणली गेली. त्या ताणलेल्या पडद्यात इतकी सूक्ष्म छिद्रे असतात की पाण्याचा थेंब त्यांतून जात नाही, परंतु वाफ जाऊ शकते. सिद्धान्त निर्दोष आहे. व्यवहारात मात्र तीन अडचणी येतात. बाहेरच्या कापडावरचा पाणी ओघळविणारा लेप झिजला की ते कापड चिंब होते, मग आतली वाफ बाहेर जाऊ शकत नाही, आणि घामच आत गार होऊन साचतो. पाणी पावसाचे की घामाचे हे बोटांस काय ठाऊक? दुसरे, मोज्यात बोटांच्या कडेने पुष्कळ शिवणी असतात आणि पडदा शिवणीपाशी दुबळा असतो. तिसरी अडचण पुतणीने कळविली, ती कोणत्याही जाहिरातीत सापडणार नाही. ओला हात मोज्यातून ओढून काढताना आतले अस्तर बोटांबरोबर उलटे बाहेर येते. मग ते पुन्हा बोटाबोटांत बसविणे ओल्या हाताने केवळ अशक्य. किल्ली काढण्यासाठी एकदा मोजा काढला की उरलेली वाट उघड्या हाताने. अर्ध्या तासाच्या फेरीला हे मोजे चांगले. दीड तासाच्या पावसाला आम्ही त्यांजवर विसंबणार नाही. घ्यावयाचेच तर अस्तर बोटांच्या टोकांशी टाचलेले आहे की नाही हे दुकानातच ओढून पाहावे.

हात गारठल्याने केवढे अनर्थ होतात हे शर्यतींच्या इतिहासात नमूद आहे. बेल्जममध्ये लिएज–बास्तोन–लिएज नावाची फार जुनी शर्यत आहे. २० एप्रिल १९८० रोजी ती बर्फाच्या मारात झाली. निघालेल्या १७४ स्वारांपैकी अवघे २१ शेवटास पोहोचले. फ्रान्सचा बेर्नार ईनो साडेनऊ मिनिटांच्या आसपास आघाडी घेऊन जिंकला. परंतु उजव्या हाताच्या दोन बोटांची हालचाल पूर्ववत व्हावयास त्यास तीन आठवडे लागले, आणि पुढेही थंडीत ती बोटे त्यास त्रास देत राहिली. विजयाची ही किंमत.

दुसरा प्रसंग इटलीतला, ५ जून १९८८ चा. जिरो या शर्यतीत त्या दिवशी आल्प्समधली गाव्हिया खिंड ओलांडावयाची होती. उंची २६०० मीटरांहून अधिक, रस्ता कच्चा, खाली पाऊस आणि वर हिमवादळ. योहान फान डर फेल्डे हा डच स्वार उघड्या बाह्यांनी सर्वांच्या पुढे माथ्यावर पोहोचला. चढताना अंग तापलेले असते, तेव्हा तेथवर त्याचे निभावले. खरी कसोटी उतारावर. पाय थांबतात, उष्णता उत्पन्न होणे थांबते, वारा दुप्पट होतो आणि ब्रेक धरणाऱ्या बोटांवरच सर्व भार येतो. माथ्यावर पहिला असलेला हा स्वार उतारावर गारठून थांबला आणि त्या टप्प्याच्या अंती जवळजवळ ४७ मिनिटे मागे पडला. उलट अमेरिकन संघाच्या चालकांनी हवेचा रंग पाहून सकाळीच गावातल्या दुकानांतून बर्फात खेळणाऱ्यांचे उबदार कपडे गोळा केले होते. त्यांचा अँडी हॅम्पस्टन निओप्रीनचे हातमोजे घालून चढला आणि उतरला. त्या टप्प्यात तो दुसरा आला, परंतु अखेरीस सबंध शर्यत त्यानेच जिंकली. ती जिंकणारा तो पहिला अमेरिकन. श्रेय एकट्या हातमोज्यांस देणे अतिशयोक्ती होईल. तरी हातांत काही नसते तर तो त्या उतारावर ब्रेक दाबू शकला नसता, एवढे म्हणण्यास हरकत नाही.

आता प्रत्यक्ष निवड. आपल्या अमरकोशात धनुर्धराच्या मनगटास प्रत्यंचेचा तडाखा लागू नये म्हणून बांधावयाच्या चामड्यास 'गोधा' आणि 'तल' अशी नावे आहेत. बोटांच्या आवरणास महाकाव्यांत 'अंगुलित्राण' म्हणतात. त्राण म्हणजे रक्षण. परंतु ते अंगुलित्राण इतके जाड असते की प्रत्यंचा बोटास कळलीच नाही, तर अर्जुनाने ते फेकून दिले असते. सायकलस्वाराची प्रत्यंचा म्हणजे ब्रेक. म्हणून दुकानात जाताना छत्री बरोबर न्यावी. मोजा घालून छत्रीचा दांडा हँडल समजून धरावा, दोन बोटे पुढे करून मिटावी आणि उरलेली दोन मध्ये चेपतात का ते पाहावे. चेपत असतील तर तो मोजा कितीही उबदार असो, परत द्यावा. आमच्या चामडी मोज्याची अशी परीक्षा आम्ही घेतली असती तर तो दुकानातच राहिला असता.

माप थोडे सैल असावे. बोटाच्या टोकापुढे पाव अंगुळ जागा हवी. घट्ट मोजा दिसावयास नेटका, परंतु तो आतली हवा पिळून काढतो आणि रक्तवाहिन्याही दाबतो. निओप्रीन मात्र अंगाबरोबर बसलेले असावे, नाही तर आतले पाणी खेळू लागते आणि सारा हेतूच फसतो. तळव्यावर रबराची खडबडीत नक्षी असावी. अंगठ्याच्या पाठीवर टॉवेलसारखे कापड लावलेले असते ते कशासाठी, हे सर्दी झालेल्या माणसास सांगावे लागणार नाही. मनगटाचा भाग लांब असावा आणि तो रेनकोटाच्या बाहीच्या आत घालावा. पुष्कळजण बाहीवरून मोजा चढवितात. सायकलीवर बसलेल्याचे हात खांद्याकडून खाली उतरते असतात. बाहीवरचे सारे पाणी पन्हळीसारखे ओघळत मोज्यात शिरते आणि दहा मिनिटांत त्याचा कमंडलू होतो.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी एवढे सांगितले म्हणजे पुरे की आपल्याकडे इतक्या सामग्रीचे प्रयोजन नाही. आषाढात महाबळेश्वराहून पसरणीच्या घाटाने वाईस उतरणाऱ्यांची बोटेही आखडतात, परंतु तेथे पारा १७–१८ अंशांवर असतो. पातळ निओप्रीन किंवा लोकरीचा साधा जोड भागवून नेतो. पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही १२०० किलोमीटरांची फेरी करावयास येथून जी मंडळी जातात त्यांनी मात्र सावध असावे. ती ऑगस्टात असते, आणि 'ऑगस्ट' या शब्दावर आपला मराठी माणूस फसतो. २०१९ साली तेथील रात्री चांगल्याच गार होत्या.

डेल्फ्टमध्ये अखेर काय ठरले ते सांगतो. पुतणीने हात बरा झाल्यावर सायकल बदलली. त्या देशातल्या साध्या सायकलींस पुष्कळदा पायाचा ब्रेक असतो. पेडल उलटे दाबले की मागचे चाक थांबते. बोटे बधिर झाली तरी पाय शाबूत राहतात. डच लोकांनी हातमोज्यांचा प्रश्न पायाने सोडविला, असे आम्ही म्हणतो. काहीजण हँडललाच मोठ्या पिशव्या बांधतात आणि त्यांत हात घालून चालवितात. दिल्लीकडे हिवाळ्यात स्कूटरवाले असेच करतात. तिने तेही करून पाहिले, परंतु चौकात वळण दाखविण्यासाठी हात बाहेर काढावा लागतो तेव्हा तिची धांदल उडे. मग तिने आमच्या दोरीवरचा प्रयोग अंमलात आणला: आत आजीच्या लोकरीचा मोजा, वर एक माप मोठा रबरी मोजा, भांडी घासावयाचा. तास-दीड तासात आत दमटपणा येतो, हे तिने प्रांजळपणे लिहिले आहे. परंतु हात गार पडत नाहीत आणि ब्रेक बोटास लागतो. लोकरीचा दुसरा कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दप्तरात असतोच. घरी आल्यावर मोज्यांत वर्तमानपत्राचे बोळे घालून ते वाळवावयाचे, तापलेल्या शेगडीवर ठेवावयाचे नाहीत. आमचा चामडी जोड तिने टाकून दिला नाही. कोरड्या दिवशी बाजारात पायी जाताना तो ती वापरते असे कळविते, खरे असेल.

मातोश्रींनी यंदा नवा जोड विणावयास घेतला आहे. बोटांची टोके पाव अंगुळ सैल आणि मनगट चार अंगुळे अधिक लांब, असे माप तिकडून आले. वर घालावयाचे रबरी मोजे भडक गुलाबी रंगाचे आहेत, याबद्दल त्यांची आरंभी तक्रार होती. काळोखात तो रंग मोटरवाल्यांस लांबून दिसतो, असे नातीने कळविल्यावर त्यांनी लोकरही त्याच रंगाची आणविली.